सितारमहलचे सहा दरवाजे

१

सितारमहल टॉकीजमध्ये मी एकतीस वर्षं डोअरकीपर होतो. तिकीट फाडायचं, बॅटरी दाखवून माणूस खुर्चीवर बसवायचा, दंगा करणाऱ्याची गचांडी धरून बाहेर काढायचा. शिक्षण चौथी. पण आमच्या निजामपुऱ्यात बाळाराम आला म्हटलं की लूमवाले, यंत्रमागावरचे कामगार, रांग सरळ करायचे.

टॉकीज बंद पडून अकरा वर्षं झाली. चावी माझ्याकडेच राहिली. म्हातारे शेठ जायच्या आधी म्हणाले होते, "बाळाराम, लाकूड कुजू देऊ नकोस." म्हणून दर शुक्रवारी सकाळी साडेनऊला मी जातो. शुक्रवारी लूमना सुट्टी असते. टॉकीजच्या मागच्या भिंतीला लागून कारखाना आहे. एरवी त्याची खटखट भिंतीतून आत येते, शुक्रवारी येत नाही. आधी मोठा दरवाजा उघडायचा. मग गल्लीतले तीन, मग अंगणातले तीन. दोन तास वारा खेळू द्यायचा आणि पुन्हा सगळं बंद करून घरी यायचं.

आमच्या कामातली एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. खेळ चालू असताना डोअरकीपर आत डोकावत नाही. उजेड आत जातो, लोक शिव्या देतात. हाऊस किती भरलंय ते आम्ही हाताने ओळखायचो. मोठा दरवाजा थोडा उघडायचा आणि आतल्या जाड काळ्या पडद्याला पालथा हात लावायचा. हाऊस रिकामं असलं तर पडदा थंड. पाव भरलं तर कोमट. फुल्ल असलं तर तापलेल्या माणसाच्या अंगासारखा. माझा अंदाज कधी चुकला नाही.

जानेवारीतला शुक्रवार होता. थंडी होती, मी मफलर बांधला होता. कुलूप काढलं, दरवाजा उघडला आणि जुन्या सवयीने हात पडद्याला गेला.

पडदा कोमट होता. माझ्या मनात आपोआप आलं, पाव हाऊस.

२

मी घाबरट नाही. पडदा सारला आणि आत गेलो. खुर्च्या होत्या तशाच. धूळ होती तशीच. वर पांढऱ्या पडद्याच्या चिंध्या लोंबत होत्या. मी मधल्या वाटेने पुढे गेलो आणि परत आलो.

वटवाघळं असतील म्हणून छताला बॅटरी मारली. एकही नव्हतं. ऊन असेल म्हणून बाहेर येऊन पाहिलं. त्या बाजूला ऊन दुपारनंतर येतं. भिंतीला हात लावला, भिंत गार. कारखान्याची उष्णता म्हणावी तर कारखाना बंद.

सहाही दरवाजे उघडले. वारा आला. दहा मिनिटांनी पडद्याला पुन्हा हात लावला. थंड होता. मग मी स्वतःलाच म्हणालो, सत्याहत्तर वर्षं झाली बाळाराम, आता हाताचं काय खरं.

घरी कोणाला बोललो नाही. त्यावेळी बोलायला हवं होतं, कारण घरात संघरत्ना होती.

संघरत्ना माझी नात. मुलाची मुलगी. ठाण्याला इमारतींचं शिक्षण घेते. तिला जुन्या टॉकीजचं वेड आहे. तिच्यासारखी दहा-बारा पोरं मिळून गावोगावच्या बंद टॉकीज बघतात, फोटो काढतात, मापं घेतात, नकाशे करतात. हे वेड तिला माझ्यामुळे लागलं, असं ती सगळ्यांना सांगते. ऐकून मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू.

शेठचा मुलगा विपुल याला टॉकीज पाडून गोदाम बांधायचं होतं. ते थांबवायला संघरत्नाने अर्ज केला होता. पुढच्या महिन्यात सरकारी कमिटी पाहायला येणार होती. त्याआधी तिला आतला नकाशा पुरा करायचा होता.

"आजोबा, पुढचा नाही, त्याच्या पुढचा शुक्रवार. मला आत न्यायचं."

"इतर दिवशी ये."

"इतर दिवशी गल्लीत टेम्पो उभे असतात. माप कसं घेऊ? टेम्पोवरून?"

"आत धूळ आहे. तुला शिंका येतात."

"तुम्हाला काय होतंय? एवढी वर्षं तुम्हीच म्हणत होता, एकदा येऊन बघ आमचा सितारमहल. आता येते म्हटलं तर लाजता!"

मी लाजलो नव्हतो. पण माझ्या टॉकीजमध्ये खोट आहे, हे माझ्या तोंडून निघालं नसतं. मी म्हणालो, "ये."

३

पुढच्या शुक्रवारी मी घरून निघतानाच ठरवलं होतं, पडद्याला हात लावायचा नाही. लावला. अर्धं हाऊस.

या वेळी वासही होता. खोबरेल तेल, विडी, सुताचा भुगा अंगावर घेऊन बसलेल्या माणसांचा घाम. शुक्रवारच्या सकाळच्या दहाच्या खेळाला हाच वास असायचा. लूमवाले कामाच्या कपड्यावरच यायचे. आत गेलो तर कोणी नाही. खुर्च्या मोकळ्या.

मी मधोमध उभा राहिलो. कारखाना बंद होता तरी कानावर काहीतरी होतं. आवाज म्हणता येणार नाही. शेकडो माणसं गप्प बसली की जी शांतता होते, ती. रिकाम्या खोलीची शांतता वेगळी असते. ती मला कळते. एकतीस वर्षं मी तीच ऐकत उभा होतो.

दरवाजे लावले आणि तसाच एसटी स्टँडवर गेलो. वज्रेश्वरीची गाडी पकडली. तिथे पंढरी राहतो. पंढरी आमचा ऑपरेटर, वरच्या केबिनमध्ये प्रोजेक्टर चालवायचा. आता देवळाच्या वाटेवर नारळ आणि फुलं विकतो.

मला पाहताच ओरडला, "ये रं बाळ्या! म्येला न्हाईस अजून?"

"तुझ्या आधी नाही."

"तोंड हाय तसंच हाय. बस. च्या घे."

मी त्याला सगळं सांगितलं. तो नारळाच्या शेंड्या काढत ऐकत होता. मग हसला.

"आरं, मी रोज गरम कुंडात आंघोळ करतो. बाहेर आलो की मलाबी जग थंड लागतं. तुझं रगत म्हातारं झालंय. हात थंड पडतो, मंग फडकंबी गरम लागतं. डागतरला दाखव."

"आणि वास?"

"एकतीस वर्सांचा वास हाय त्यो. नाकात बसलाय."

मला पटलं. पटवून घेतलं म्हणा. उठलो तेव्हा त्याने विचारलं, "क्येबिनची चावी कोनाकडं हाय?"

"माझ्याकडे. कुलूप आहे."

"मंग बरं."

"का रे?"

"काय न्हाय. सवय जात न्हाय बघ. शुक्रवारी धाला मी हितं बसल्या जागी हात वर करतो. घंटेची तार वढायला. ही म्हातारी हसते मला." मागे बसलेली त्याची बायको ठकुबाई खरंच हसली.

४

घंटेचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

केबिनमधून एक तार खाली यायची आणि मोठ्या दरवाजावर घंटा होती. तिला वीज लागत नसे. खेळ सुरू करायला ऑपरेटर तयार झाला की तीनदा तार ओढायचा. तीन ठोके पडले की डोअरकीपरने सगळे दरवाजे लावायचे. आतून नाही, बाहेरून. शुक्रवारी बिनातिकिटाची पोरं गल्लीत दबा धरून असायची. आतला दोस्त कडी काढायचा आणि वीस जण आत घुसायचे. म्हणून शेठने बाजूच्या दरवाजांच्या आतल्या कड्या काढून टाकल्या आणि बाहेरून अडसर बसवले.

हे चुकीचं होतं, आज मला कळतं. पण सांगतो, एकतीस वर्षांत त्या टॉकीजमध्ये आग लागली नाही. चेंगराचेंगरी झाली नाही. माणूस दगावला नाही. मी छातीवर हात ठेवून सांगतो. तिथे तसं काहीच घडलेलं नाही.

गल्लीतले तीन, अंगणातले तीन, शेवटी मोठा दरवाजा. माझ्याइतक्या लवकर कोणी लावत नसे. तिसऱ्या ठोक्यानंतर पांढऱ्या पडद्यावर चित्र यायच्या आत मी मोठ्या दरवाजाला पाठ लावून उभा असायचो आणि तंबाखू मळायला घ्यायचो. मॅनेजर पाहुण्यांना माझं काम दाखवायचा.

५

ठरल्या शुक्रवारी संघरत्ना आली. पाठीवर पिशवी, हातात टेप, केसांत पेन खोचलेलं. गल्लीत शिरल्यापासून बोलत होती. ही नक्षी बघा, ही जाळी बघा, असं आता कुठे राहिलंय.

मोठा दरवाजा उघडला. मी तिच्या आधी पुढे झालो आणि पडद्याला हात लावला.

हात भाजला नाही. पण मी मागे घेतला. एवढा तापलेला पडदा मी ईदच्या दिवशीही पाहिला नव्हता.

"काय झालं?"

"काही नाही."

"मग सरका ना, आजोबा."

"आज नको. चल घरी."

"कमिटी एकोणीस तारखेला येतेय. नकाशा नसेल तर विपुलशेठ पाडायचं मशीन आणून उभं करेल. मग तुम्ही चावी घेऊन कुठे जाणार? माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी चाललंय हे."

ती पडदा सारून आत गेली. मी मागून डोकावलो. खुर्च्या रिकाम्या. ती मधल्या वाटेवर उभी राहून वर बघत होती. तोंड उघडं होतं. लहानपणी जत्रेत पाळण्याकडे बघायची तशी.

"किती सुंदर आहे," ती म्हणाली.

मला अभिमान वाटला. हेही खोटं नाही. तिला उजेड व्हावा म्हणून मी सहाही दरवाजे उघडले. मग बाहेर येऊन व्हरांड्यातल्या स्टुलावर बसलो. आतून तिचा आवाज येत होता. मापं मोठ्याने म्हणत होती आणि लिहीत होती. बावीस फूट चार. सहा फूट अकरा. मी तो आवाज धरून बसलो होतो.

मग घंटा वाजली.

तीन ठोके. स्वच्छ.

मला जे झालं ते लिहितो. मी विचार केला नाही. मी उठलो. गल्लीत गेलो. पहिला लावला, दुसरा लावला, तिसरा लावला. अंगणात आलो. माझे गुडघे दुखतात, पण त्या वेळी दुखले नाहीत. चौथा, पाचवा, सहावा. अडसर जागच्या जागी बसले. मोठा दरवाजा ओढला, कडी घातली, पाठ लावली. खिशातून तंबाखू काढली, चुना लावला, मळायला लागलो. मनाला बरं वाटत होतं. काम वेळेत झालं होतं.

चिमूट ओठाखाली धरली आणि मग आठवलं की आत संघरत्ना आहे.

६

किती वेळ गेला होता? तंबाखू मळायला लागतो तेवढा. पण आतून आवाज नव्हता. मापं थांबली होती. दरवाजे बंद झाल्यावर कोणीही माणूस ओरडेल, दार वाजवेल. ती ओरडली नव्हती.

मी कडी काढली. पडद्याला पालथा हात लावून पाहिला नाही, तो तोंडावर धग मारत होता. सरळ बाजूला ओढला.

माझ्या मागून उजेड आत पडला. आत काळोख होता, सहाही दरवाजे मीच लावले होते. चालू खेळात कोणी दरवाजा उघडला की लोक काय करतात? मागे वळतात आणि डोळ्यांवर हात धरतात.

तळवे दिसले. मागच्या रांगेपासून पुढे उजेड पोचत होता तिथपर्यंत, खुर्चीखुर्चीवर डोळ्यांसमोर धरलेले तळवे. चेहरे मी पाहिले नाहीत. चेहरे तळव्यांच्या मागे होते.

सहाव्या रांगेत एका मनगटाला टेपची दोरी गुंडाळलेली होती.

"दरवाजा लावा ना," संघरत्ना म्हणाली. वैतागून, परक्या माणसाला म्हणावं तशी.

मी आत गेलो. ती रांगेच्या मधोमध होती. मला आडवं जावं लागलं. अंधारात खुर्च्यांमधून आडवं जाताना लोक आपले गुडघे बाजूला घेतात, वाट देतात. मी एकेक पाऊल टाकत होतो आणि माझ्या पायाला लागून गुडघे बाजूला होत होते.  एकाने माझा तोल जाताना कोपराला आधार दिला.

मी तिचं मनगट धरलं आणि ओढत बाहेर आणलं.

उन्हात ती मनगट चोळत म्हणाली, "किती जोरात धरलंत, आजोबा."

"घंटा कशाला वाजवलीस? केबिनमध्ये कशी गेलीस?"

"केबिनमध्ये? मी खालीच होते." मग दरवाजाकडे मागे बघत म्हणाली, "मध्येच उठवलंत."

केबिनची चावी माझ्या खिशात होती. जिन्याच्या कुलपावर गंज होता, तो मोडलेला नव्हता.

७

दुसऱ्या दिवशी मी विपुलशेठकडे गेलो आणि सगळ्या चाव्या टेबलावर ठेवल्या.

"पाड," मी म्हणालो. "कमिटी यायच्या आत पाड."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "काका, अकरा वर्षं तुम्ही मला आत पाय ठेवू दिला नाहीत. पप्पांचं नाव सांगून भांडलात. आता काय झालं?"

"तुला पाडायचंय ना? मग प्रश्न विचारू नको."

संघरत्नाला मी सांगितलं नाही. तिला कळलं तर रडेल, महिनाभर बोलणार नाही, असं वाटलं. चालेल म्हटलं. पोर सुखरूप आहे ना. जेवत होती, ठाण्याला जात होती, आईशी हसून बोलत होती. फक्त नकाशाचं नाव काढत नव्हती. आणि एकदा भाकरी मोडताना तिने मला सहज विचारलं, "इंटरवल झाला असेल का हो?"

मंगळवारी मशीन आलं. ती बातमी तिला कुठून कळली माहीत नाही. मी गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपरीच्या सावलीत उभा होतो, ती येऊन शेजारी उभी राहिली. रडली नाही. टॉकीजकडे पाठ करून रस्त्याकडे बघत राहिली.

मशीनने गल्लीकडची भिंत ठोकली. दोन ठोक्यांत मोठं भगदाड पडलं आणि ऊन आत गेलं. त्या खुर्च्यांवर आजपर्यंत कधी ऊन पडलं नव्हतं.

संघरत्नाने डोळ्यांवर तळवा धरला.

आम्ही सावलीत होतो. तिच्या तोंडासमोर फक्त रस्ता होता. "दरवाजा लावा ना," ती म्हणाली.

तिसरा ठोका बसला. आत छताचा गिलावा कोसळल्याचा आवाज आला. ती खाली वाकली, खांदे आवळले, मग केसांवरून हात फिरवून काहीतरी झटकलं. खोकली. दोनदा, धूळ गेल्यासारखी. तिच्या केसांत काही नव्हतं. टपरीपर्यंत धूळ आलीच नव्हती.

मी धावलो. सत्याहत्तराव्या वर्षी धावलो आणि मशीनच्या पुढे आडवा झालो. ड्रायव्हर हिंदीत शिव्या देत होता. विपुलशेठ धावत आला. "काका, पागल झालात का? तुम्हीच बोललात ना पाड म्हणून!"

"थांबव."

"अहो पण..."

"माझ्यावरून ने आणि पाड."

त्याने थांबवलं. भगदाडावर मी स्वतः काळी ताडपत्री बांधली. बांधून टपरीवर आलो तेव्हा संघरत्नाने हात खाली घेतला होता. चहा पीत होती.

८

कमिटी आली. मोठी माणसं होती. एका बाईंनी माझा फोटो काढला. मशीनसमोर आडवा पडलेला डोअरकीपर म्हणून पेपरात छापून आला. सितारमहल पाडायला आता मनाई आहे, निकाल लागेपर्यंत. मी रोज तिथे जाऊन बसतो. ताडपत्री फाटली की बदलतो. छताखाली टेकू लावून घेतलेत. लोक म्हणतात, म्हाताऱ्याचं टॉकीजवर फार प्रेम. म्हणू देत.

आत जाऊन अजून तिथेच बसलेल्या संघरत्नाला आणावं, असं रोज मनात येतं. एकदा मी दरवाजापर्यंत गेलोही होतो. मग विचार आला, मागच्या वेळी मी अंधारात मनगट धरून कोणाला बाहेर आणलं? आता कोणाला आणीन? आणि घरात जी आहे तिचं काय होईल? मी परत फिरलो.

निकालासाठी माझा जबाब लागणार होता. काल संघरत्ना मला कचेरीत घेऊन गेली. साहेबाने विचारलं, ही इमारत का राहावी असं तुम्हाला वाटतं? मी म्हणालो, जुनी आहे. त्याने लिहून घेतलं. मी सही केली. सही मी नीट करतो, अंगठा कधी दिला नाही.

बाहेर आलो. अकरा वाजले होते. रस्त्यावर रिक्षा, हातगाड्या, माणसंच माणसं. डोक्यावर लख्ख ऊन. संघरत्नाने माझा हात धरून मला रस्ता ओलांडून दिला. पलीकडे पोचल्यावर ती थांबली. माझा हात सोडला नाही. लहानपणी विचारायची तशा आवाजात तिने विचारलं,

"आजोबा, मला बाहेर कधी काढणार?"